चांगल्या पायाची उडी

नाही गं, थांब, बूट नको घालूस एवढ्यात. दुखऱ्या पायाचं झालं, तीन उड्या, त्यातली सगळ्यात लांब सत्त्याण्णव — ती लिहिली. ही चांगल्या पायाची राहिली. हो, मारल्यास ना, मी कुठं नाही म्हणतेय, एकशे दोन, एकशे चार, एकशे तीन, मीच मोजल्या — पण लिहिल्या नाहीत अजून. पेन्सिल बघ, हातातच आहे. बस तिथं स्टुलावर. प्रिया मॅडम मंगळवारी एका आजींना घरी जाऊन व्यायाम देऊन येतात, त्यांना यायला अजून वीस मिनिटं तरी आहेत. पाणी पी. घाम आलाय तुला — आणि विशीतल्या नाचणाऱ्या मुलीला सहा उड्यांनी घाम येत नाही, रिया.

काय? एवढंच जातं? बरं. एवढंच जात असेल तर एवढंच लिहीन मी. मग काय होईल ते तुला माहीतच आहे, मॅडमनी समजावलंय — दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या मानानं शंभरात नव्वद भरली की त्या सही करतात. सत्त्याण्णव आणि एकशे चार, म्हणजे त्र्याण्णव. झालीस पास. शनिवारी पनवेलच्या स्पर्धेत तू मधोमध उभी. घरून मनात आकडेमोड करूनच आली असशील, खालापूरपासून एसटीत बसून दुसरं करायचं काय. पण आता हे बघ, हे मागचं पान. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. रिया, वय वीस, डावा घोटा. खाली चांगला पाय, उजवा — एकशे बत्तीस. माझंच अक्षर आहे. मग मला सांग, मुरगळला डावा आणि तीन आठवड्यांत अठ्ठावीस सेंटिमीटर आखडला उजवा, तो कसा?

चिडू नकोस. चोर पकडल्याचा आनंद झालाय मला असं वाटतंय का तुला? नाही झालेला. या फरशीवरच्या टेपवर मी नऊ वर्षं माणसं उडवतेय. आले तेव्हा झाडू-पोछ्याला आले होते या क्लिनिकात, मग टॉवेल, मग शेकायच्या पिशव्या, मग मॅडमच्या मागं उभी राहून राहून कुठला स्नायू कुठून निघतो ते कळायला लागलं. लिहायची खोड मात्र आधीपासूनची. दहावी झाले आणि शाळा सुटली, वही काही सुटली नाही. घरी रोज लिहिते — किती पाऊस, कोण आलं, गाय किती वाजता सुटली. इथं आकडे लिहायला लागले ते कुणी सांगितलं म्हणून नाही. मॅडमच्या नंतर ध्यानात आलं की त्या विचारतात आणि माझ्याकडं असतं. दिवसाला वीस-बावीस पेशंट, त्यांनी कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं? त्या नुसतं म्हणतात, वनिताताई, आकडे सांगा. मी सांगते. त्या भागाकार करतात आणि सही. इतका विश्वास. तुला खोटं वाटेल, पण या सगळ्या वह्यांत एकही आकडा खोटा नाही. एकही नाही. मी चुकूनसुद्धा तिनाचा चार केलेला नाही.

तीच तर गोष्ट आहे.

कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडं आमचं गाव, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्याकडं गौरी जातात त्या दुपारी देवळापुढं नाच असतो. तुमचा असतो तसला नाही, लाइट नाहीत, ड्रेस नाही, बनियन आणि धोतर नाहीतर हाफ पँट. मधे धाकलूनाना मृदंग घेऊन, गाणारे दोघे, आणि भोवती सोळा जण गोल. आणि चाळ — घुंगरं गं, चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली, पाऊण किलोची तरी असेल. ती एकाच पायात बांधायची, उजव्या. आमच्या गावची तशी रीत. उजवा आपटायचा, डाव्यावर तोलायचं, आणि मग बसकी गिरकी — उकिडवं बसल्यासारखं पार खाली जायचं, तिथूनच अर्धं फिरायचं आणि उठताना उजवा आपटायचा. सोळा चाळी एकदम. छातीत वाजतात त्या. मी आमच्या ह्यांना पहिल्यांदा बघितलं ते त्या गोलात. नंतर रीतसर बघायला आले आमच्या घरी, पँट-शर्ट घालून, तर मी ओळखलंच नाही. चाळीशिवाय हा माणूस चालतो कसा ते मला माहीतच नव्हतं ना.

हसलीस. हस, हस.

तर सहा वर्षांपूर्वी, भातलावणीच्या दिवसांत, चिखलात त्यांचा उजवा पाय रुतला आणि अंग फिरलं. पाय तिथंच राहिला. गुडघ्यातला लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, आणि मग इथं, याच खोलीत. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, सवयच नाही, पण वहीत लिहावं लागलं — दशरथ, वय शेहेचाळीस, उजवा गुडघा. लिहिताना लाजले होते मी. मॅडम हसल्या.

तुला वाटतं मॅडम तुझ्या नाचाला आड येतायत. अगं, त्यांच्याएवढं नाचाचं मनावर घेणारं माणूस मी पाहिलं नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चालता येतंय ना, बास झालं या वयात. मॅडमनी काय केलं माहीत आहे? धाकलूनानांच्या मोबाइलवरचा नाचाचा व्हिडिओ मागवून घेतला. इथं या खुर्चीत बसून, मागं-पुढं करून मोजला. एक गाणं अकरा मिनिटांचं. उजवा पाय दोनशे बारा वेळा आपटतो. बसकी गिरकी अठरा वेळा. मला म्हणाल्या, वनिताताई, या माणसाला आपल्याला चालायला शिकवायचं नाहीये, दोनशे बारा वेळा आपटायला शिकवायचंय. मग तिथून मागं मागं येत सगळा व्यायाम आखला. आधी नुसतं पडून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळायची आणि सोडायची. मग भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं. मग पायरी. मग आरशापुढं एका पायावर, गुडघा आत पडू न देता. आणि मग उतरणं — उडी मारायची आणि आवाज न करता खाली यायचं, मांजरासारखं. जन्मभर पाय वाजवलेल्या माणसाला आवाज न करता उतरायला शिकवायचं म्हणजे — ते म्हणायचे, मॅडम, ह्ये तर घोंगडं पांघरून नाचल्यासारखं झालं. पण करायचे. सगळं करायचे. मॅडम सांगायच्या, आधी अंगाला उतरता आलं पाहिजे, मग वाजवायचं.

घरी मी करून घ्यायचे. सकाळी मी भाकऱ्या थापतेय आणि तिथूनच आकडे म्हणतेय, ते चुलीच्या बाजूच्या पायरीवर चढतायत-उतरतायत. सत्तावीसला भाकरी उलटायची, चाळीसला फुगायची. मला म्हणाले एकदा, तू मास्तरीण झाली आसतीस ना, तर समदी शाळा लंगडत घरी गेली आसती. मी म्हटलं, बोलू नका, अठ्ठावीस. वर्षभर असं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती तोवर, पण एवढं बोललो नव्हतो आम्ही कधी. नुसते आकडेच, पण बोलत होतो. संध्याकाळी मी त्यांचा गुडघा मांडीवर घेऊन सूज मोजायची, टेपनं, वर-खाली-मधे. ते तेवढ्यात झोपून जायचे. एवढा मोठा माणूस.

मला काय सांगायचं होतं — हां, ती चाचणी. गणपती आठ दिवसांवर. त्याच्या आधीच्या गौरीला ते अंथरुणात होते, नाचाचा आवाज घरात येत होता आणि ते तोंड भिंतीकडं करून पडले होते, ते मी बघितलं होतं. तेव्हा हे वर्ष काही झालं तरी — असं दोघांच्याही मनात. मॅडमनी आधी विचारून पाहिलं, या वर्षी चाळ डाव्या पायात बांधली तर? आपटायचं काम डावा करेल. तर हे म्हणाले, मॅडम, पंधरा चाळी एकीकडं वाजतील न माजी एकटी दुसरीकडं, नाना मृदंग टाकून मारायला येतील मला. मॅडम म्हणाल्या, मग नव्वद भरले तरच. आणि मार्चपासूनचे आकडे माझ्याकडं होते. मार्चमध्ये चांगला पाय एकशे अठरा, दुखरा एकसष्ट. जूनमध्ये चांगला एकशे एकवीस, दुखरा अठ्ठ्याहत्तर. वाढत होता, पण कासवासारखा.

त्या दिवशी दुखरा आला सत्त्याऐंशी. मला केवढा आनंद झाला. मग टेपच्या सुरुवातीला गेले, डाव्या पायावर उभे राहिले, चांगल्या — आणि उडी मारली. उडी कसली, गटार ओलांडतात तशी. गुडघा वाकलासुद्धा नाही. टाचेपाशी खडूची खूण करायला मी वाकले — चौऱ्याण्णव. दुसरी, ब्याण्णव. तिसरी, त्र्याण्णव. मी मान वर केली तर ते माझ्याकडं बघत होते. आत्ता तू बघत होतीस ना, तसेच. म्हणजे मी काय लिहितेय त्याकडं.

मॅडम तिथं, पडद्यापलीकडं दुसऱ्या पेशंटची पाठ बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, वनिताताई, आकडे? आणि माझ्या हाताखाली मागचं पान होतं. एकशे एकवीस. मला पान उलटायचीही गरज नव्हती, वही अशी उघडीच होती, दोन्ही पानं समोर. मी म्हटलं, सत्त्याऐंशी आणि चौऱ्याण्णव. एवढंच. मॅडम म्हणाल्या, अरे वा, ब्याण्णव टक्के, करा तयारी. खोटं काय बोलले मी? काहीच नाही. खरा आकडा होता तो. मोजलेला, टाचेपाशी वाकून मोजलेला. सत्त्याऐंशी आणि एकशे एकवीसचे बहात्तर होतात, ते मला माहीत होतं, भागाकार येतो मला. पण मला कुणी विचारलंच नाही.

का म्हणून विचारतेस? मी तेव्हा स्वतःला सांगितलं, त्यांच्यासाठी. वर्षभर मेहनत केलीय, माणसाचं मन मोडायचं कशाला. तसं नव्हतं गं. मला बघायचं होतं त्यांना गोलात. मलाच. लग्नाआधी मी तिथं उभी होते ना, वडाच्या पाराला टेकून, तिथंच मला उभं राहायचं होतं.

राहिले. गौरी गेल्या त्या दुपारी. उन्हं होती, अंगण सुकलेलं होतं, छान सारवलेलं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मी मोजत होते, दुसरं काय येतं मला. तिसऱ्या गाण्यात दहावी बसकी गिरकी. खाली गेले, फिरले, आणि उठताना बाकीच्या पंधरा चाळी वाजल्या. मग एक चाळ वाजली, उशिरा, हलकीच, म्हणजे कुणी पिशवीत ठेवताना वाजते तेवढीच. ओरडले नाहीत. बसलेच तसे. आणि गोल काही एकदम थांबत नाही, मागचे पुढं येतच असतात — ते त्यांना वळसा घालून नाचत गेले, अर्धा फेरा, मग नानांच्या ध्यानात आलं आणि मृदंग थांबला. तो अर्धा फेरा काही मला वहीत लिहिता आला नाही.

पुन्हा तोच लिगामेंट, आणि आतली गादी पण फाटली. परत ऑपरेशन नको म्हणाले. कुणी कितीही सांगितलं तरी नको. आता चालतात, काठी घेऊन, गुडघा पुरता सरळ होत नाही. कंपनीत उभ्याचं काम होतं ते गेटवरचं बसून झालं. गौरीच्या दिवशी नणंदेकडं जाऊन बसतात, तुमच्याच खालापूरकडं, सकाळच्या गाडीनं. चाळ नानांकडं देऊन टाकली, मला न विचारता. आणि गुडघ्याला हात लावू देत नाहीत. दुसरं कुणी लावलं तर चालतं, मला नाही. मी इथं दिवसाला वीस गुडघे बघते. घरात एक आहे तो लुंगीखाली झाकलेला असतो. सकाळी भाकऱ्या थापताना आता कुणी काही मोजत नाही.

मॅडमनी स्वतःला किती लावून घेतलं म्हणून सांगू. व्हिडिओ परत परत बघितला, माझ्या व्यायामात काय राहिलं, गिरकी कमी घेतली का, चाळीचं वजन लवकर चढवलं का. मी इथंच, टॉवेलच्या घड्या घालत. तेव्हापासून मी पेशंट आला की मागचं पान आधी काढून ठेवते, ते मॅडमना वाटतं माझी शिस्त.

आता हे तुला का सांगतेय — तुला ओळखते मी किती, तीन मंगळवार. पण एवढं निघालंय तर ऐक. मागच्या वर्षीची गोष्ट, गौरी झाल्यावरची. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, हे खाटेवर बसले होते. एकदम म्हणाले, वनिते, तुला एक सांगायचं व्हतं. चार वर्सं झाली, सांगू सांगू म्हंतो न सांगवत नाय. त्या दिवशी त्या टेपवर डाव्या पायाची उडी मी मुद्दाम आखडती मारली. तू बिचारी वाकून वाकून मोजत व्हतीस. तुज्या वहीला फसवला मी. तुला फसवला. माप कर मला.

अशी मान खाली घालून. चार वर्षं हा माणूस तेवढ्यासाठी मला गुडघा दाखवत नव्हता. मला वाटत होतं, त्याला कळलंय, त्याला माझा राग आहे. आणि त्याला लाज वाटत होती. माझी.

आणि मी काय म्हणाले असेन? सांग बरं. माझ्या हातात त्यांचाच शर्ट होता. मी म्हटलं, जाऊ द्या, झालं ते झालं. मी म्हटलं, मी नाही मनावर घेत.

माफ केलं, रिया. मी त्यांना माफ केलं.

नको, टॉवेल नको, धूळ जाते डोळ्यांत या खडूची. तू उठलीस कशाला? मी काही तुला जबरदस्ती — बरं. ये. टेपच्या मागं बोटं ठेव. उजवा पाय. हात कमरेवर. शनिवारचं मनात आणू नकोस, आणि माझंही आणू नकोस. गुडघा वाकव, अशी — आणि जा.

हं. हलू नकोस, तशीच उभी राहा दोन सेकंद.

एकशे एकतीस.

बघ, काही झालेलं नाही त्या पायाला. लिहिते. सत्त्याण्णव, एकशे एकतीस, म्हणजे चौऱ्याहत्तर. मॅडम नाही म्हणतील. हो, मला माहीत आहे, तुझ्या जागी ती दुसरी उभी राहील आणि तू खाली बसून बघशील, आणि ते सोपं नाही, मी सोपं आहे म्हणणार नाही. रड, रडून घे. पण एका पायावर टाच उचलायची ती पंचवीसपर्यंत आली, उतरताना घोटा हलायचा थांबला, की तुझे नव्वद होतील, डिसेंबरात नाहीतर जानेवारीत. खरे होतील. मॅडम तुझ्याही नाचाचा व्हिडिओ मागतील बघ. घेऊन ये. पाय किती वेळा पडतो ते मी मोजीन.

बूट घाल आता. लेस नीट बांध, घोट्याशी घट्ट. बाहेर स्कूटर थांबली, मॅडमच असतील. बॅग राहिली बघ तुझी. पडदा —

काय?

काय म्हणालीस?

— नाही. नाही सांगितलं ह्यांना. अजून नाही.

वेळ झाली तुझी. जा. आणि बाहेर बाकावर पुढचे पेशंट आहेत, त्यांना आत पाठव.